एक्सएसएस-११ च्या प्रदक्षिणा आणि माझा शेवयांचा डबा

नोकरी सांभाळून एमटेक केलं असं सांगितलं की लोक विचारतात प्रोजेक्ट कशावर होता, आणि मी म्हणते एका उपग्रहाने दुसऱ्याच्या जवळ कसं जायचं त्यावर, की लगेच पुढचं येतं, "म्हणजे इस्रोचं का?" नाही हो. अमेरिकेच्या हवाई दलाचं, आणि तेही वीस वर्षांपूर्वीचं. मग समोरच्याचा चेहरा जरा पडतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

विषय मी काही फार विचार करून निवडला नव्हता. आमच्या सरांनी एक यादी दिली होती, त्यातले ड्रोनवाले सगळे विषय पोरांनी आधीच पळवले होते, उरलं ते "दोन उपग्रहांची सापेक्ष गती". दिवसभर ऑफिसात टेस्टिंग करणारी बाई मी, मला वाटलं गणित आहे, कोड लिहू, ग्राफ काढू, सहा महिन्यात मोकळे. सर म्हणाले, "मॅडम, नुसतं गणित नको, खरं मिशन घ्या एखादं समोर." आणि त्यांनीच एक्सएसएस-११ चं नाव दिलं.

तर हे प्रकरण असं. ११ एप्रिल २००५ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गवरून मिनोटॉर-१ रॉकेटने हा उपग्रह गेला. मिनोटॉर म्हणजे खालचे दोन टप्पे जुन्या मिनिटमन क्षेपणास्त्राचे, वर नवीन टप्पे जोडलेले, थोडक्यात मोडीतून उभं केलेलं रॉकेट, आणि चांगलं चालतं बरं का. उपग्रह हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचा, बनवला लॉकहीड मार्टिनने, आकाराने साधारण भांडी घासायच्या मशीनएवढा. काम काय, तर ज्या रॉकेटने आपल्याला वर आणलं त्याचाच रिकामा चौथा टप्पा वर फिरत असतो, तो शोधायचा, त्याच्या जवळ जायचं, आजूबाजूने फिरून फोटो काढायचे, आणि हे शक्य तितकं स्वतःच्या अकलेने करायचं. खालून कोणी जॉयस्टिक धरून बसलेलं नाही. २००५ च्या पावसाळ्यानंतरपर्यंत त्याने त्या रिकाम्या टप्प्याभोवती पंचाहत्तरहून जास्त फेऱ्या मारल्या होत्या, अर्धा ते दीड किलोमीटर अंतरावरून. इंग्रजीत त्या फेऱ्यांना लांबलचक नाव आहे, मी माझ्या वहीत पहिल्याच दिवशी "प्रदक्षिणा" लिहिलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. आमचं गाव नरसोबाच्या वाडीजवळ, आजीचं आयुष्य दत्ताला प्रदक्षिणा घालण्यात गेलं, मला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून.

स्वतःच्या अकलेने का, तर साडेआठशे किलोमीटर उंचीवर एक फेरी १०२ मिनिटांची, त्यातला तुमच्या एका ग्राउंड स्टेशनला दिसणारा वेळ दहा-पंधरा मिनिटं, तोही प्रत्येक फेरीत नाही. मधल्या वेळात काही बिनसलं तर विचारायचं कोणाला?

आता पहिला आठवडा. सापेक्ष गतीची समीकरणं दिसायला एकदम गरीब, तीन ओळी फक्त. मूळ १८७८ चं, हिल नावाच्या माणसाने चंद्रासाठी मांडलेलं, मग १९६० मध्ये क्लोहेसी आणि विल्टशायर यांनी ते यानांना लावलं. मी पायथनमध्ये एका संध्याकाळी लिहून टाकलं. लक्ष्य मधोमध, माझा उपग्रह त्याच्या ५०० मीटर वर, आणि त्याला एक नेमका वेग द्यायचा, सेकंदाला एक मीटरच्या आसपास, म्हणजे आपण देवळात चालतो त्याच्याहूनही कमी. तेवढा दिला की इंजिन बंद करा, तो आपोआप लक्ष्याभोवती लंबगोल फिरत राहतो, वर-खाली जेवढा जातो त्याच्या दुप्पट मागे-पुढे, आणि बरोबर १०२ मिनिटांनी परत जागेवर. पुस्तकात असं होतं. माझ्या स्क्रीनवर तो एका फेरीत जवळजवळ ३८ किलोमीटर लांब गेला. म्हणजे पुण्यात मंडईला प्रदक्षिणा घालायला निघालेला माणूस तळेगावच्या पुढे सापडावा.

दोन दिवस शोधलं. युनिट बघितली, स्टेप कमी केली, लायब्ररी बदलली, नवऱ्यावर चिडून झालं. शेवटी काय निघालं, वेगाला वजाचं चिन्ह नव्हतं. एक वजा. ऑफिसात मी हेच बग शोधायचा पगार घेते.

पण त्या चुकीने एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की तिथे वर आपली जमिनीवरची अक्कल उलटी चालते. जो वरच्या कक्षेत तो हळू, मागे पडतो, जो खालच्या कक्षेत तो पुढे पळतो. म्हणून पुढच्याला गाठायचं तर ब्रेक मारायचा, म्हणजे तुम्ही खाली घसरता आणि पुढे सरकता. ॲक्सिलरेटर दाबलात की वर चढता आणि मागे राहता. पुण्यातल्या टू-व्हीलरवाल्यांना हे कधीच पटणार नाही. १९६५ च्या जूनमध्ये नासाच्या जेमिनी-४ यानात मॅकडिव्हिट या अंतराळवीराला असंच झालं होतं, तोही आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायला बघत होता, नाक तिकडे करून जोर मारला की टप्पा आणखी लांब, बरंच इंधन जाळून शेवटी नाद सोडला. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १९६३ ला, एमआयटीत एकाने कक्षेतल्या भेटीवरच पीएचडी केली होती, त्याचं नाव बझ ऑल्ड्रिन, पुढे चंद्रावर उतरला तोच. म्हणजे कागदावर उत्तर होतं, पायलटच्या हाताला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांनी एक्सएसएस-११ ने तसंच रिकामं टप्पाड गाठलं आणि आत माणूसच नव्हता. मला यात फार गंमत वाटते, पण सर म्हणाले हे रिपोर्टात नको.

नोव्हेंबरपर्यंत प्रदक्षिणा सुंदर पडायला लागली. मग सरांनी विचारलं, "इंजिन बंद पडलं तर?" मी म्हटलं, "सर, इंजिन बंदच आहे की, तो आपला फिरतोय." ते म्हणाले, "आणि तुमचा वेग एक मिलिमीटरने चुकला असेल तर?" चुकवून बघितला. लंबगोल हळूहळू सरकायला लागला, दर फेरीला थोडा थोडा, अठरा मीटर म्हणजे काही नाही असं वाटतं पण तो कायम एकाच दिशेला सरकतो, आणि तो ज्या रेषेवर सरकतो त्याच रेषेवर लक्ष्य बसलेलं आहे. आज नाही तर चारेक दिवसांनी, पण धडक लिहिलेली. खऱ्या मिशनमध्ये चूक याच्या शंभरपट असू शकते आणि मग दिवसांचे तास होतात.

यावरचा उपाय वाचला तेव्हा मी चक्क हसले, कारण तो मी लहानपणापासून दर वटपौर्णिमेला बघत आलेय. बायका वडाभोवती फिरताना सूत गुंडाळतात ना, तसं. लंबगोल सपाट ठेवायचा नाही, त्याला बाजूलाही झोल द्यायचा, अशा हिशोबाने की जेव्हा तुम्ही लक्ष्याच्या उंचीला येता तेव्हा बाजूने सगळ्यात लांब असता. मग तुमची वाट लक्ष्याच्या मार्गाभोवती सुतासारखी गुंडाळली जाते. सूत खोडावर वर सरको की खाली सरको, खोडात शिरत नाही. इंजिन मेलं, कॉम्प्युटर मेला, सगळं मेलं तरी धडक नाही.

मग अबॉर्ट, म्हणजे काम मध्येच सोडून पळ काढायचा. हा माझा सगळ्यात लाजिरवाणा भाग, पण सांगते. नियम असा लिहिला होता की काही गडबड वाटली तर लक्ष्यापासून लांब जा. माझा उपग्रह लक्ष्याच्या मागे, त्याच्याच उंचीवर थांबलेला, शंभर मीटरवर. मी म्हटलं सरळ वर ढकला, वर मोकळं आकाश आहे. ढकलला. छान लांब गेला, मी खूश, जेवायला उठले. परत येऊन बघते तर १०२ मिनिटांनी हा पठ्ठ्या बरोबर जिथून निघाला तिथेच उभा! वर ढकललेला उपग्रह एक फेरी मारून जागेवर येतो, गणितच तसं आहे, आणि मी म्हणत होते पळून गेला. पळायचं असेल तर मार्गाच्या दिशेने धक्का द्यावा लागतो, पुढे किंवा मागे, तेव्हा तो दर फेरीला आणखी आणखी लांब पडत जातो. माहेरी निघून जाते म्हणून तावातावाने बाहेर पडलेली बाई संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला परत, असं नवरा म्हणाला. त्याला त्या दिवशी त्याच्या पोळ्या त्यानेच करायला लावल्या.

आता डबा. डिसेंबरात सर म्हणाले, सिम्युलेशनमध्ये तुम्ही लक्ष्य कुठे आहे ते कॉम्प्युटरला फुकट सांगताय, खऱ्या यानाला ते कोण सांगणार? कॅमेऱ्याने ओळखून दाखवा. बजेट शून्य. मग घरातला शेवयांचा उभा स्टीलचा डबा घेतला, त्याला पोळ्या गुंडाळायची फॉइल लावली, हुबेहूब रॉकेटचा रिकामा टप्पा. गोधडीच्या दोऱ्याने तो आडवा करून कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगला, आणि ती दांडी बेडरूममध्ये दोन कपाटांवर आडवी ठेवली. मागे काळी चादर. सूर्य म्हणून मोबाइलचा टॉर्च, लोणच्याच्या बरणीला टेकवून. लाइट बंद, पडदे बंद, दोऱ्याला पीळ दिला की डबा गरगर फिरतो, थांबतो, उलटा फिरतो. मुलगा सहा वर्षांचा, दारातून बघत होता, म्हणाला, "आई, भूत करतेयस का?"

कॅमेरा डब्यापासून दीड मीटरवर, मोजपट्टीने मोजलेला. प्रोग्रॅमने डब्याच्या आकारावरून अंतर सांगायचं, लहान दिसतो म्हणजे लांब. डबा आडवा असताना एक पूर्णांक पाच, एक पूर्णांक चार, अगदी नीट. मग डबा असा वळला की फक्त झाकणाकडची गोल बाजू समोर आली आणि आकडा एकदम तीनच्या पुढे. म्हणजे प्रोग्रॅमला वाटलं लक्ष्य दुप्पट लांब गेलं. हे मी सिम्युलेशनला जोडलेलं होतं, तर त्याने काय करावं, लांब गेलाय ना मग चला जवळ. जोरात. आणि त्यात फॉइलवर टॉर्चचा कवडसा पडला की कॅमेऱ्याला नुसता पांढरा डाग दिसायचा, बाकी अर्धा डबा काळ्या चादरीत गडप, कारण अंतराळात सावली म्हणजे ठार काळोख, इथल्यासारखी भिंतीवरून परतलेली उजेडाची भीक तिथे मिळत नाही.

तेव्हा कळलं की एक्सएसएस-११ वर कॅमेऱ्याबरोबर लायडार का होता. लेसरचे ठिपके टाकून अंतर मोजायचं यंत्र, कॅनडात बनवलेलं. मी वाचताना ती ओळ सरळ ओलांडून गेले होते, असेल काहीतरी महागडं म्हणून. मग मी आधी गाडीच्या रिव्हर्सला असतो तसला आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर आणला, सरांनी फक्त एवढंच विचारलं, "अंतराळात आवाज?" मुकाट्याने परत ठेवला. नंतर लेसरने मोजणारी बारकी चिप आणली. ती फॉइलवर हट्टाने वाचतच नव्हती, चकचकीत पृष्ठभाग लेसर भलतीकडेच फेकतो. डब्याला तीन पट्ट्या कागदी टेपच्या चिकटवल्या तेव्हा कुठे आकडे आले. ते टेपचे डाग अजून आहेत डब्यावर.

आता दोन आकडे झाले आणि दोघांचं पटेना. कॅमेरा म्हणतो तीन मीटर, लेसर म्हणतो दीड. कोणाचं खरं धरायचं यावर मी तीन आठवडे घालवले, सरासरी काढून बघितली (कधी काढू नका, दोन चुकांची सरासरी ही तिसरी चूक असते), शेवटी जो नियम लिहिला तो चार ओळींचा होता. दोघांचं पटत नसेल तर पुढे जायचं नाही, सुताच्या वाटेवर मागे सरकायचं आणि पुन्हा बघायचं. अख्ख्या प्रोजेक्टमधलं माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच. जवळ कसं जायचं ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय, मला वाटतं यानाला अक्कल आहे की नाही ते मागे कधी फिरतं यावरून कळतं.

हे माझं नुसतं मत नाही, त्याच महिन्यातलं उदाहरण आहे. एक्सएसएस-११ गेल्यावर चारच दिवसांनी, १५ एप्रिल २००५ ला, नासाचं डार्ट नावाचं यान गेलं (लघुग्रहावर आपटलेलं डार्ट वेगळं, ते २०२२ चं). कामही तसंच, मबलकॉम नावाच्या जुन्या उपग्रहाजवळ आपणहून जायचं, चोवीस तासांत सगळं उरकायचं. याला खालून आज्ञा घ्यायची सोयच ठेवली नव्हती. जीपीएसच्या वेगात सेकंदाला साधारण ०.६ मीटरची चूक होती, तिच्यामुळे याचं गणित परत परत बिघडत राहिलं, इंधन भसाभसा संपलं, आणि अकराएक तासांत कारभार आटोपला. आटोपता आटोपता ज्याच्याजवळ जायचं होतं त्याला धडकही दिली. खालचे लोक बघत होते, करता काही येत नव्हतं. त्याचा चौकशी अहवालाचा सारांश मी लोकलमध्ये नाही, पीएमटीत उभ्याने वाचला आणि स्टॉप चुकला.

आणि मग जानेवारी. ३० डिसेंबर २०२४ ला रात्री दहाला श्रीहरिकोटाहून इस्रोचं स्पेडेक्स गेलं होतं, सव्वादोनशे किलोच्या आसपासचे दोन उपग्रह, एकमेकांना जोडायचे. ऑफिसात, सोसायटीत, सगळीकडे तेच. ७ ला होणार होतं ते ९ वर गेलं, मग जवळ येताना अपेक्षेपेक्षा जास्त सरकले म्हणून तेही पुढे ढकललं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका, "फेल गेलं वाटतं." मी रात्री अकराला टाइप करत बसले की काका, थांबले म्हणजेच बरोबर चाललंय, घाईने गेले असते तर फेल. १२ तारखेला बातमी, आधी १५ मीटर, मग ३ मीटरपर्यंत जाऊन परत मागे घेतले. ग्रुपवर पुन्हा हळहळ. मी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या, तीन मीटरवरून मागे फिरायचं म्हणजे काय ते त्या महिन्यात मला सोडून त्या इमारतीत कोणाला कळणार होतं. १६ ला डॉकिंग झालं तेव्हा काकांनी तिरंग्याचे वीस इमोजी टाकले.

व्हायवा एप्रिलमध्ये. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, शांत. कोड चाळताना एका व्हेरिएबलवर थांबले. लक्ष्याच्या ज्या बाजूला अजिबात जायचं नाही त्या भागाला मी "सोमसूत्र" नाव दिलं होतं, शंकराच्या पिंडीची पन्हाळ, जी प्रदक्षिणेत ओलांडत नाहीत, तिथून मागे फिरतात. ते हसले, म्हणाले हे पहिल्यांदाच बघतोय. मग गंभीर होऊन, "हे हवाई दलाचं आहे. असा उपग्रह फोटो काढेल तसा दुसऱ्याचा अँटेनाही वाकवेल. तुम्ही याचा विचार केलात?"

मी केला होता, पण उत्तर तयार नव्हतं. म्हटलं, सर, यंत्रात फरक काहीच नाही. २००७ ला ऑर्बिटल एक्सप्रेसने हेच करून दुसऱ्या उपग्रहात इंधन भरलं, बॅटरी बदलली, तेही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच पैशाने. जवळ जायची वाट एकच आहे, पोचल्यावर हातात काय धरलंय ते खालून दुर्बिणीने दिसत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या देशांना असल्या उपग्रहाची धास्ती वाटते, मलाही वाटली असती. ते काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. मार्क चांगले दिले.

त्या आठवड्यात गावी गेले तेव्हा आजीला सगळं सांगितलं, सूत वगैरे. तिने नीट ऐकलं, मग म्हणाली, "फिरतोय ते हाय बरोबर, पन उजवीकडनं की डावीकडनं? उलटी घालत नसतात गं." मी खरंच कागद काढला. वरच्या बाजूला असताना तो मागे पडतो, खालच्या बाजूला असताना पुढे जातो, हे निसर्गाने ठरवलेलं, बदलता येत नाही. चित्र काढून बघितलं तर उलटी. आजीला दाखवलं, उलटी पडते म्हणून.

तिने कागद माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला, पालथा केला आणि मागून उमटलेल्या रेघेवर बोट फिरवत म्हणाली, "ही बघ सुलटी. तू पल्याडच्या अंगाला बसलीयास."